पाण्याची विरी

गिरणीतून पीठ हाताला चटका देत पडलं की समजायचं, दगड जास्त आवळलेत. असलं पीठ घरी नेलं की बाईची भाकरी परातीतच तुटते. पिठाला पिठाशी धरून ठेवते ती विरी, आणि ती जळून गेलेली असते. हे मला शाळेनं शिकवलं नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच होतो आणि तिथलं काही लक्षात ठेवण्याजोगं नव्हतं. माझी सगळी उमर भोरला गिरणीवर उभ्यानं गेली. पीठ पडतं तिथं नुसता पंजा धरायचो आणि सांगायचो, आवळायचं का ढिलं करायचं. तेव्हा ऊन काय आणि गार काय, हे मला कुणी सांगू नये. पुढं जे झालं ते विरी ह्या एका शब्दापायी झालं, आणि तो शब्द मी बरोबरच वापरला होता. आजही माझं तेच म्हणणं आहे.

सत्तर सालाच्या पुढं-मागंची गोष्ट. आमचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, पासलीकडं. भाताची खाचरं भाऊ करायचा आणि मी भोरात भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं होतं. घरात मी, बायको आणि आई. वडील गेल्यापासून आई माझ्याकडंच होती. बायकोचं माहेर वरंध घाट उतरून खाली, महाडच्या अलीकडं. तिचा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनात कामाला. वर्षातले बरेच महिने दर्यावर, आणि आला की कसल्या ना कसल्या तरी वस्तू घेऊन यायचा. बोटीवरच्या माणसाच्या वस्तूंवर माझा भरवसा नसतो. कुठून आणली हे तो एक सांगतो आणि वस्तू दुसरंच सांगते.

एका दिवाळीला हा मेव्हणा टेम्पो घेऊनच दारात आला. टेम्पोत काचेची भली मोठी पेटी, पाण्याचे कॅन, आणि पेंढ्यात गुंडाळलेलं काहीबाही.

"पाव्हणं, हे काय आनलं?"

"समुद्र, दाजी."

"भोरात समुद्र?"

"मावला तेवढा आणला."

पेटी बाहेरच्या खोलीत फळीवर मांडली. पाच-सहा घागरी खारं पाणी त्यात बसलं. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक निळा बोटाएवढा, आणि मधोमध एक दगड. दगडाला फांद्या होत्या आणि फांद्यांवर बारीक बारीक बोटं. ती पाण्यात हलायची. त्याच्या मुंबईच्या खोलीत सहा जण झोपायचे आणि गावी लाईट नव्हती, म्हणून ही पेटी आमच्या गळ्यात. असं तो म्हणाला. मी तेव्हाच मनात म्हटलं, एवढंच कारण नसणार.

आई पेटीजवळ आली. "मासं आनलंस ते समाजलं. दगूड कशापायी? आमच्या पासलीला दगडाला तोटा हाय व्हय?"

"मावशी, हा दगड जिता आहे. हे पोवळं."

बायकोनं गळ्यातल्या सरीतलं पोवळं चाचपलं. "म्हंजी हेच?"

"ते मेलेलं, ताई. हे जितं. ह्या एका दगडात हजारो जीव आहेत."

"दगडात जीव?" आई म्हणाली. "मंग माझ्या जात्यात बी असंल. इतकी वर्सं उगंच दळलं म्या."

मेव्हण्यानं काचेला आतून उष्णता मोजायची नळी चिकटवली आणि तिच्यावर लाल रंगानं एक रेघ मारली. पाण्यात काचेचीच दुसरी लांब नळी सोडली, आत वाळू आणि तार. लाईटीवर ती तापायची. पाणी रेघेशी आलं की तिला आपोआप बंद करायला एक डबी होती.

"दाजी, पारा ह्या रेघेच्या वर चढू द्यायचा नाही. खाली थोडाफार चालेल. पण वर-खाली नाचवायचा नाही. ह्यांच्या दर्यात सकाळचं पाणी आणि रात्रीचं पाणी सारखंच असतं. त्यांना गारठ्यापेक्षा फरक जास्त मारतो."

"रेघ हितंच का मारली?"

तो जरा घुटमळला. "मुंबईचा मासेवाला एक सांगतो, आमचा बोटीवरचा इंजिनियर त्याच्याहून जास्त सांगतो. मी मधली धरली."

म्हणजे रेघ अंदाजपंचे. मी मनगट पाण्यात बुडवून धरलं. आपल्या अंगापेक्षा गार आणि विहिरीच्या पाण्यापेक्षा कोमट. न्हाणं झाल्यावर घंगाळात तळाला उरतं तसलं. एवढं मला पुरे होतं. रेघ त्याची, मनगट माझं. पण तो उठता उठता बोलून गेला, "तुम्हाला जमेल ना दाजी? का शेजारच्या कंपाउंडरना सांगू? ते शिकलेले आहेत."

शेजारी एक कंपाउंडर राहायचे, मॅट्रिक झालेले. बाटलीवर कागदाची खूण चिकटवायची अक्कल आणि रुबाब सिव्हिल सर्जनचा. त्यांच्या नावाशी माझं नाव तोललं म्हटल्यावर मी मिशीवर हात ठेवला. माझी मिशी तेव्हा गिरणीवर येणाऱ्या पोरांच्या भीतीचा विषय होती. जन्मात एकदाच उतरवली होती, वडलांच्या दहाव्याला.

"तुमी बोटीवरनं याल तवा ह्या पेटीतला एक जीव जरी कमी झाला, तर ही मिशी उतरवीन. मंग तर झालं?"

"ताई साक्षीला आहे बरं का."

"भित बी साक्षीला हाय. निघा आता, यस्टी चुकंल."

थंडीचं काही वाटलं नाही. आपोआप होणाऱ्या गोष्टीवर मी विसंबत नाही, म्हणून त्या डबीवर विश्वास न टाकता मनगट लावून मीच बटण वर-खाली करायचो. पेटीला तीन बाजूंनी घोंगडं बांधलं. पाणी हवेत उडून कमी व्हायचं, तेवढं गोडं पाणी घालायचो, कारण मीठ उडत नाही, मागंच राहतं. काचेवर कोळशाची खूण केली आणि पाणी तिच्याशी राखलं. येणारा-जाणारा बघायला यायचा. मी सांगायचो, "दगडाला बोट लावू नका, त्यो जिता हाय." कुणी हसलं की त्याला बाहेरची वाट दाखवायचो.

मग पौषात लाईट गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पारा उतरला. मासे तळाला जाऊन बसले आणि दगडानं आपली सगळी बोटं आत ओढून घेतली. लाईट आल्यावर पारा जाग्यावर आला, मासे फिरायला लागले, पण दगड मिटला तो मिटलाच. पाणीही गढूळ. मी हात घातला, वास घेतला आणि जेवताना म्हणालो, "पान्याची विरी गेली."

हे वाक्य मी बोललो. बायको भाकरी थापत होती, आई चुलीपुढं बसली होती. दोघींनी ऐकलं.

विरी गेली तर पाणी बदलायला पाहिजे. मी एस्टीनं महाड आणि तिथून पुढं थेट समुद्र गाठला, आणि दोन कॅन भरून परतीला लागलो. घाटाच्या पायथ्याला कंडक्टरनं कॅनचं बूच काढून हुंगलं. तेव्हा दारूबंदीचे दिवस. त्याची नजर मला ओळखीची वाटली, कारण मीही माणसाकडं तसाच बघतो.

"काय हाय ह्यात?"

"समुद्राचं पानी."

"भोरला समुद्राचं पाणी कशाला?"

"दगडासाठी."

त्यानं बोट बुडवून चाटलं, थुंकला, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हातारबा, दगडाला पाजायला आपल्या घाटात पाणी न्हाई का?" मी तेव्हा चाळिशीतही नव्हतो. गाडी वर येईस्तोवर हसत होती. मी कॅनवर बसून राहिलो.

थोडं जुनं पाणी काढून नवं घातलं. दगडानं दोन-चार बोटं बाहेर काढली. मला वाटलं जिंकलो. आणि तिथून पुढं भानगड सुरू झाली.

पहाटे गिरणीवर जाताना मी पारा बघायचो, तो रेघेच्या जरा खाली असायचा. न्याहारीला परत यायचो तर रेघेच्या वर. तापायची नळी तर मी बंद करून गेलेलो. दिवस थंडीचे, खोलीत ऊन येत नाही. दुपारपर्यंत पारा हळूहळू खाली यायचा आणि दुसऱ्या सकाळी परत वर. ज्याला मेव्हणा नाचणं म्हणाला होता ते हेच.

पहिला संशय मेव्हण्यावर. पैज लावून गेलेला माणूस खरी नळी कशाला देईल? ती खोटी असणार. म्हणून कंपाउंडरांकडून ताप बघायची नळी मागून आणली आणि पाण्यात बुडवली. पारा जागचा हलेना. कंपाउंडर दारात उभे राहून बघत होते.

"अहो, ती माणसासाठी आहे. एवढ्या खालचं ती दाखवतच नाही."

"मंग काय दाखवती?"

"एवढंच, की तुमच्या माशाला ताप नाही." आणि फिदीफिदी हसले.

दुसरा संशय त्यांच्यावर गेला तो तेव्हाच. मी गिरणीवर गेलो की हे गृहस्थ पेपर वाचायच्या निमित्तानं आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. मेव्हण्यानं त्यांना न देता पेटी मला दिली, ही सल त्यांच्या मनात असणारच. मी एक-दोनदा मधेच घरी येऊन पाहिलं. कंपाउंडर पेपरच वाचत होते. पण चोर काय कायम चोरीच करत असतो?

मग कोळशाच्या खुणेकडं लक्ष गेलं. आठवड्यात पाणी बोटभर तरी उतरायला पाहिजे. ते उतरतच नव्हतं, उलट खुणेच्या वर आलं होतं. गोडं पाणी तर मी घातलं नव्हतं. आणि दगड एका बाजूनं, भिंतीकडच्या, पांढरा पडत चालला होता, उकडलेल्या अंड्यासारखा. मी पेटीपुढं बसून विचार केला. पाणी चोरून नेणारे पाहिलेत. चोरून आणून ओतणारा हा कोण?

बायकोला विचारलं. विचारलं म्हणजे जरा मोठ्यानं विचारलं.

"तुझ्या भावानं सांगितलंय का तुला काय?"

तिनं परात खाली आपटली. "माझ्या भावाचं मासं म्या मारीन? त्याच्या दगडाला घोंगडं घालून तुमी बसलाव, तवा म्या एका धडप्यात थंडी काडली. आवो, संशेव घ्यायचा तर जरा रीतीचा तरी घ्यावा मानसानं!"

"मंग पानी कुठनं येतंय?"

"तुमाला एवडं कळतंय तर तुमीच हुडका की."

हुडकलं. मी गिरणीचा माणूस. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना पेटीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर मूठभर पीठ फुंकरलं, नाचणीचं, म्हणजे जमिनीच्या रंगात रंग मिळावा. न्याहारीला आलो आणि कंदील घेऊन वाकलो. पाऊल उमटलं होतं. अनवाणी, लहान, बाईचं. पारा वर.

बायकोला बोलावलं. तिनं त्याच्या शेजारी आपलं पाऊल दाबलं आणि उचललं. तिच्या पावलात जोडव्याची खूण आली. आधीच्या पावलात जोडवं नव्हतं, आणि अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा होता. लावणीच्या चिखलात जन्म काढलेला अंगठा.

दोघंही चुलीकडं बघायला लागलो. आई तिथं आधणाचं पातेलं उतरवत होती. तांब्या शेजारीच.

"आई, पेटीत पानी तू वततीस?"

"व्हय." जसं काही मी विचारलं, जेवलीस का. "तूच म्हनलास न्हवं, विरी गेली म्हनून? पिठाची विरी गेली तर काय करत्यात? आधनाच्या पान्यात मळत्यात. म्या रोज तांब्याभर आधान त्या दगडाच्या बाजूनं सोडती. बिचारं मासं बी गारठलं हुतं."

"आगं, पिठाची विरी येगळी आन् पान्याची येगळी!"

"दोन दोन विऱ्या असत्यात हे तुज्या बापालाबी ठावं नव्हतं," आई म्हणाली आणि पातेलं परत चुलीवर ठेवलं.

पन्नास वर्षं मी ह्यावर विचार केलाय. शब्द बरोबर होता. ऐकणारानं बरोबरच ऐकला. तरी पाणी तापलं. ह्यात चूक कुणाची ते मला कुणी दाखवून द्यावं.

आधण थांबलं, पारा शांत झाला. चैत्रात उलटं काम लागलं. आता पारा उकाड्यानंच वर जायला लागला. मी घोंगडं सोडून ओलं गोणपाट बांधलं, माठाला बांधतात तसं, आणि बायको दुपारी हातपंख्यानं वारा घालायची. माझ्यासाठी नाही, भावासाठी. तिन्ही मासे जगले. दगडाची खोलीकडची बाजू बोटं हलवायची, भिंतीकडची पांढरीफेक राहिली. मी पेटी जराशी सरकवून ती बाजू भिंतीला अगदी चिकटवली.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मेव्हणा आला. चहालाही बसला नाही. मासे बघितले, नळीतला पारा बघितला, माझ्याकडं बघून मान डोलावली. मला वाटलं सुटलो. पण बोटीवरचा माणूस, त्यानं वाकून काचेच्या मागून पाहिलं.

"दाजी, ही बाजू मेली."

"मासं मोजा की. तीन हुतं, तीन हायत."

"पैज जिवाची होती. ह्यात हजारो जीव आहेत."

"दगूड त्यो. दगडाला कुठं—" इतकं बोलून मी जीभ चावली. दिवाळीपासून सगळ्या भोराला मीच सांगत आलो होतो की दगड जिता आहे. कंपाउंडर पेपर खाली करून ऐकत होते.

"काय झालं होतं?" मेव्हण्यानं विचारलं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आईनं तांब्यानं पाणी ओतलं, एवढं म्हटलं की माझी मिशी वाचत होती. पण सोयऱ्यापुढं आणि त्या कंपाउंडरापुढं आईला उभी करून मी मिशी राखायची? मी म्हणालो, "काय झालं ते माझं मी बघतो. न्हाव्याला सांगावा धाडा."

न्हावी खरंच आला. ओसरीवर बसलो, त्यानं पाणी लावलं, वस्तरा पट्ट्यावर घासला. तेवढ्यात आई बाहेर आली आणि तिनं न्हाव्याचा हातच धरला.

"कुनाचं सुतक हाय रं घरात?"

"सुतक न्हाई आई. पैज हाय."

"बाप गेल्यावर काडलीस ती काडलीस. आता कुनासाठी काडतुयास? मी जिती हाय अजून, मेल्या! आई जिती आस्ताना मिशीला वस्तरा लावतुयास?"

न्हावी उठून उभाच राहिला. असलं काम तो करेना.

"मावशी, पैज आहे," मेव्हणा चाचरत म्हणाला. "दगड मेला अर्धा."

"दगडावर आधान म्या वतलं. मिशी पायजे तर माझी घ्या. मला असती तर तुमाला कवाच दिली असती." मग त्याच्याजवळ जाऊन जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पाव्हणं, ह्यो मिशी काडंल की. मी गेल्यावर काडलीच पायजे त्याला. तवा तुमी या आन् तुमची पैज वसूल झाली म्हना. तवर धीर धरा."

कंपाउंडर एवढे हसले की पेपर फाटला. मेव्हणाही हसला. मला हसू आलं नाही. ह्या हसण्यात त्याचा काही डाव आहे का, हे मी बघत होतो. पावसाच्या आधी त्यानं पेटी मुंबईला, त्या मासेवाल्याकडं हलवली. दगडाच्या पांढऱ्या बाजूचा एक तुकडा मोडून आईला दिला. तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला नाही. जात्याच्या पाळूवर, वरच्या दगडावर ठेवला, "भाऊबंद हायत," म्हणून.

पुढं काही वर्षांनी आई गेली. दहाव्याला आम्ही नीरेच्या काठी बसलो. मी न्हाव्यापुढं बसलो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मेव्हण्याकडं बघत राहिलो. त्याला कळवलं होतं, पण बोट सोडून येईल असं वाटलं नव्हतं. आला होता. आला कशाला? पैज वसूल करायला? एक अक्षर बोलला असता, नुसता ओठ जरी हलला असता, तरी मी त्या वाळवंटात, सुतकातसुद्धा, त्याला सोडला नसता.

मिशी गेली. तो काही बोलला नाही. मी अंघोळीला पाण्यात उतरायला लागलो, तेव्हा तो माझ्या आधी वाकला, नदीत मनगट बुडवून धरलं, जसं मी पेटीत धरायचो तसं, आणि म्हणाला, "दाजी, पाणी फार गार आहे. तांब्याभर आधण सोडू का?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळे ओले होते, पण दर्यावरच्या माणसाचे डोळे कायमच ओले दिसतात. ती थट्टा होती का माया, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

"नको," म्हणालो, आणि गारच पाण्यात उतरलो.